पावणाईचा उजवा कौल

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुझा विश्वास बसायचा नाही," मी म्हटलं. "बसवून घेऊही नको. आमच्या घरात आजवर कोणाचा बसलेला नाही, आणि घरातली माणसं तर मला आतून-बाहेरून ओळखतात. कदाचित म्हणूनच बसत नसेल."

गार्गी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. गार्गी ही माझ्या थोरल्या भावाची, भाईची नात. मसुरकर आमसुले या आमच्या कंपनीचा कारभार आता ती बघते. मला कंपनीत काही काम नाही. वर्षाला एकदा सगळ्यांबरोबर फोटोत उभं राहणं आणि उरलेले दिवस गप्प बसणं, एवढं माझ्याकडे ठेवलं आहे. त्यातलं पहिलं मी नेमाने करतो.

रॉटरडॅमचा कोणी मोठा खरेदीदार आमचं आगळ घेणार होता. आगळ म्हणजे कोकमाचा मिठात उतरवलेला रस. घेण्याआधी त्याने बासष्ट प्रश्नांचा एक कागद पाठवला होता. आमच्याकडे मुलगी देतानासुद्धा माणसं एवढं विचारत नाहीत. सतरावा प्रश्न असा होता, की परदेशात व्यापार न्यायचा पहिला निर्णय आपल्या कुटुंबाने कसा घेतला. गार्गीने त्याखाली लिहिलं होतं, 'बाजारपेठेचा सखोल अभ्यास करून.' ते तिने मला वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडातला चहा माझ्याच धोतरावर आला.

"अगो, अभ्यास?" मी म्हटलं. "आमच्या घरात तेव्हा अभ्यास एकटा दगड करायचा."

पलीकडे जमिनीवर वहिनी कोकमं फोडत बसली होती. वहिनी म्हणजे गार्गीची आजी. त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि मे महिन्यात अजून तिची बोटं लाल असतात. तिने मान वर केली नाही. मी हेच समजलो, की तिला ऐकू कमी येतं.

मग मी गार्गीला जे सांगितलं ते असं.

साल एक्याऐंशी. भाई चाळिशीचा, मी चोवीस वर्षांचा. आमचे वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढचं सगळं भाईने केलं. माझी मुंज, माझी शाळा, शाळेतून मला काढण्याबद्दल हेडमास्तरांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं, सगळं. घरात पुरुषमाणसं आम्ही दोनच. भाई दुकान आणि वसुली बघायचा. आगळ उतरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण बोट बुडवून चाटलं की मीठ किती कमी आहे ते मला कळायचं. एवढीच एक अक्कल देवाने मला दिली आणि तीही बोटात.

भाई कधीही स्वतःच्या मनाने काही ठरवायचा नाही. आमच्या कोंडसुरं गावची देवी पावणाई. तिला कौल लावायचा आणि ती सांगेल तसं करायचं, असा वडिलांपासूनचा रिवाज. देवी म्हणजे पुरुषभर उंचीचा काळा पाषाण. पिढ्यान्‌पिढ्या बोटं लागून त्याच्या दोन्ही अंगांना दोन गुळगुळीत खळगे पडलेत. गुरव पानाचे दोन छोटे तुकडे, ज्यांना आम्ही कळे म्हणतो, पाण्यात भिजवून त्या खळग्यांवर चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. आधी उजवा कळा पडला तर हो. डावा पडला तर नाही. कोणताच पडला नाही तर घरी जाऊन जेवून यायचं.

या रिवाजाने आमचा धंदा कसा चालला म्हणशील, तर झकास चालला. दुकानात टेलिफोन घ्यावा का, असं भाईने देवीला सलग चार वर्षं विचारलं आणि चारही वर्षं ती नको म्हणाली. पाचव्या वर्षी हो म्हणाली, तेव्हा टेलिफोन खात्याने आमचा नंबर यादीतून काढून टाकला होता. सेकंडहँड ट्रकला मात्र तिने पहिल्याच फटक्यात उजवा दिला. तो ट्रक आठवड्यातून दोन दिवस चालायचा आणि पाच दिवस त्याच्या सावलीत आम्ही कोकमं वाळवायचो. भाईला विचारलं तर म्हणायचा, देवीने घ्या म्हटलं होतं, चालेल असं कुठे म्हटलं होतं?

त्या मे महिन्यात मस्कतहून एक पत्र आलं. लिहिणारे इब्राहिमशेठ सोलकर, मूळचे रत्नागिरीकडचे, तिकडे त्यांचं किराण्याचं मोठं दुकान. कोकणातली निम्मी माणसं आखातात येऊन बसली आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि सोलकढीसाठी त्यांचा जीव तळमळतो आहे. मसुरकरांनी आमसुलं आणि आगळ पाठवावं, मी जागा देतो. अट एकच. माल ओळखणारा घरचा माणूस निदान दोन वर्षं इथे येऊन राहायला हवा. पगारी माणूस चालणार नाही.

मी ते पत्र सतरा वेळा वाचलं. भीतीने.

घरचा माणूस म्हणजे कोण? भाईला देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. उरलो मी. तेव्हा धंदा दर्यापार न्यायचा की नाही, या प्रश्नाचा अर्थ आमच्या घरात एवढाच होता, की बाबल घर सोडून जाणार की राहणार. बाबल म्हणजे मी.

भाईने पत्राची घडी केली आणि तराजूतल्या दोन किलोच्या वजनाखाली ठेवली. तीन दिवस ते तिथेच पडून होतं. जाऊ नको म्हणावं तर गाव म्हणणार, भावाच्या पायात खोडा घातलान. जा म्हणावं तर त्याची जीभ उचलत नव्हती. तो माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे बघायचो. जेवताना माझ्या ताटातला माशाचा तुकडा मात्र रोज मोठा होत गेला. चौथ्या दिवशी हात धुता धुता तो म्हणाला, "आयतवारी देवीक विचारूया."

आता मी शपथेवर सांगतो, मला जायचं नव्हतं. खाडी ओलांडायला तरीत बसलो तरी मला उलट्या व्हायच्या. विमान मी फक्त वर बघितलेलं. त्यात मस्कतमध्ये पाऊस पडत नाही असं ऐकलेलं, आणि पाऊस नाही तर माणसं घरात बसून गप्पा कधी मारत असतील, ही मला काळजी. शिवाय भाई. मी गेल्यावर आगळात मीठ जास्त पडणार, गिऱ्हाईक तक्रार करणार, भाई चिडणार आणि त्याला धाप लागणार, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणजे बघ, मी न जाण्यात कुटुंबाचं हित होतं. फक्त ते मला बोलून दाखवता येत नव्हतं, कारण चोवीस वर्षांच्या पुरुषाने 'मला उलटी होते' हे कारण देवीसमोर कसं द्यावं?

म्हणून मी देवीला थोडी मदत करायचं ठरवलं.

"म्हणजे काय केलंत?" गार्गीने विचारलं. तिने टायपिंग थांबवलं होतं.

"फणस," मी म्हटलं.

नको असा कौल हवा तर आधी डावा कळा पडायला हवा. डाव्याने लवकर पडावं असं काही करता येत नाही. पण उजव्याने पडूच नये असं करता येतं. फणसाच्या चिकाने आम्ही लहानपणी पक्षी धरलेत, फुटकी भांडी सांधलीत आणि एकदा मास्तरांची चप्पल जमिनीला चिकटवली आहे. रविवारी बाराला कौल होता. अकराच्या सुमारास मी कोवळा फणस तोडला, देठाचा चीक करवंटीत धरला आणि नारळ पोचवायच्या निमित्ताने देवळात गेलो. झिलू गुरव विहिरीवर अंघोळीला गेला होता. अंघोळ करताना तो मोठ्याने गायचा, त्यामुळे तो कुठे आहे हे साऱ्या गावाला कळायचं. गाभाऱ्यात शिरलो, देवीची माफी मागितली आणि उजवीकडच्या खळग्यात दोन बोटं चीक फासला. करवंटी करवंदीच्या जाळीत फेकली. गाणं थांबलं तेव्हा मी सभामंडपात खांबाला टेकून अगदी सात्त्विक चेहऱ्याने बसलो होतो.

हातांचं मात्र मी विसरलो.

बाराला भाई आला. मागोमाग गावचे पाच-सहा मानकरी आले. झिलूने कळे भिजवले, लावले आणि गाऱ्हाण्याला उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले. जोडले ते जोडले.

तुला खोटं वाटेल, पण माझे दोन्ही तळवे असे बसले, जसा सुताराने सांधा बसवावा. मी हळूच ओढून बघितलं. कातडी आली असती, हात सुटले नसते.

इकडे झिलूचा आवाज लागला होता. "बा देवी पावणाई, मसुरकरांचा लेकरू दर्याच्या पलीकडे धंद्याक जावचा म्हणता. तुझो हुकूम आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," मानकरी म्हणाले.

मग वाट बघणं सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मानकऱ्यांनी हात सोडले, एकाने पान जुळवलं, एकाने भाईकडे यंदाच्या आमसुलांचा भाव विचारला. मी एकटा हात जोडून उभा. नाकावर माशी येऊन बसली. ती उडवायची सोय नव्हती. माशी नाकावरून भुवईवर गेली, परत आली, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भाई माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याने मला आजवर देवासमोर पाच मिनिटंसुद्धा उभं राहिलेलं बघितलं नव्हतं, आणि हा मुलगा अर्धा तास हात जोडून रडतो आहे.

तेवढ्यात टप्प असा बारीक आवाज झाला.

मी डोळे मिटून देवीचे आभार मानले. सुटलो म्हटलं.

"उजवो," झिलू म्हणाला. "देवीन उजवो दिल्यान."

डोळे उघडून बघतो, तर मी चीक लावलेला कळा जागच्या जागी आणि दुसऱ्या बाजूचा खाली पडलेला. क्षणभर मला वाटलं झिलूला भांग चढली आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. देवी काही आपल्याकडे पाठ करून उभी नसते. ती आपल्याकडे तोंड करून असते. उजवा म्हणजे तिचा उजवा, माझा नव्हे. मी माझ्या हाताने उजवीकडे चीक फासला होता, तो देवीचा डावा. म्हणजे मला जे हवं होतं तेच मी चिकटवून ठेवलं, आणि जे नको होतं ते मोकळं सोडलं. सबंध पंचक्रोशीत एवढं साधं न कळणारा माणूस एकच निघाला, आणि त्याच्या हातात आमच्या कंपनीचं भविष्य होतं. नेमकं सांगायचं तर हाताला चिकटलेलं होतं.

भाईने जमिनीवरचा कळा उचलून कपाळाला लावला. मग माझ्या जवळ आला, माझ्या जोडलेल्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणाला, "जा. ती सांभाळतली तुका."

मी तोंड उघडलं होतं. भाई, घोटाळा झाला, एवढंच म्हणायचं होतं. पण आता काय सांगणार? जायचं नाही म्हणून देवीला फसवायला गेलो आणि फसलो, हे? मागीलदारी जाऊन रॉकेलने हात सोडवले आणि गप्प बसलो. पासपोर्टला फोटो हवा होता, तो मी आधीच कुडाळला जाऊन काढून ठेवला होता. लग्नाच्या स्थळांना दाखवायला.

आणि खरी गंमत पुढेच. तो डावा कळा पडेचना. दुसऱ्या दिवशी पडला नाही, तिसऱ्या दिवशी पडला नाही. देवीने मसुरकरांचा नकार हातात घट्ट धरून ठेवलाय, अशी बोलवा झाली. अकरा दिवस तो तसाच होता. बारा गावची माणसं बघायला आली. सावंतवाडीहून एक डॉक्टरीणबाई दुर्बीण घेऊन आली. एसटीने देवळाजवळ विनंती थांबा दिला आणि झिलू गुरवाने मनगटी घड्याळ घेतलं. बाराव्या दिवशी वाऱ्याने कळा गेला, आणि पुढे पासपोर्ट आला तेव्हा गावाने मला हार घालून मुंबईच्या बोटीसाठी बंदरावर नेलं.

गार्गी हसता हसता लॅपटॉप सावरत होती. मला चेव चढला. मस्कतला उतरलो तो आगळाचे चाळीस डबे घेऊन, आणि त्यातला एक विमानतळावर फुटला. तिथल्या शिपायाला वाटलं मी जखमी आहे, त्याने मला दवाखान्यात नेलं, हेही सांगितलं. दोन वर्षांची एकोणीस कशी झाली ते सांगितलं. मस्कत झालं, बहारीन झालं, कुवेत झालं. आता सात देशांत आपला माल जातो. भाई एकदाही तिकडे आला नाही. मी दरवर्षी मे महिन्यात यायचो आणि तो माझ्या ताटातला तुकडा निवडायचा. दुकानात कोणीही आलं तरी सांगायचा, आमच्या बाबलाला देवीने पाठवलं, मी नाही पाठवलं. नऊ वर्षांपूर्वी गेला, तोवर हेच सांगत होता. एवढ्या भाविक माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की देवीचा त्यात काही संबंध नाही, तुझ्या भावाला उजवं-डावं कळत नाही?

"तेव्हा सतराव्या प्रश्नाखाली असं लिही," मी म्हटलं. "निर्णय फणसाच्या चिकाने घेतला, चुकीच्या बाजूला लागल्यामुळे. घरात मूर्ख माणूस असला तर धंदा वाढतो. रॉटरडॅमवाल्यांच्या घरात असा कोणी नसेल तर आपण पुरवू."

गार्गीने डोळे पुसले आणि आजीकडे वळली. "आजी, खरं का गं हे?"

वहिनीने हातातलं कोकम फोडलं, बी एकीकडे टाकली, साल दुसरीकडे टाकली.

"अकरा दीस खयचे?" ती म्हणाली. "तीन दीस. चवथ्या दिसा तुझे आजोबा वाटयेत खोबरेल घेवन देवळात गेले आणि चीक पुसून इले."

त्रेचाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. झिलूने नाही, वहिनीने नाही, भाईने तर नाहीच.

गार्गीचं हसू थांबलं. ती माझ्याकडे आणि वहिनीकडे आळीपाळीने बघायला लागली. "म्हणजे आजोबांना चिकाचं कळलं होतं? बाबलआजोबांना जायचं नाहीय, म्हणून त्यांनी हे केलं, हे कळूनसुद्धा त्यांनी यांना पाठवलं?"

"जावचा नव्हता?" वहिनीने कोयती खाली ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, मीठ किती पडलंय ते बघावं तसं. "भावजी, आता पुरे झाला. पोरीक खोटा सांगतास." मग गार्गीकडे वळून म्हणाली, "झिलू गुरव तापान पडलो काय देवीक कळे कोण लावी? हेच, तुझे बाबलआजोबा, लावीत. पाच वर्सां लावल्यानी. देवीचो उजवो खयचो आणि डावो खयचो, ता हेंका झोपेतसून उठवन इचारलास तरी सांगतले. तुझ्या आजोबांका ता ठावक नव्हता? चीक पुसून घराक इले, हयसरच बसले, आणि माका म्हणाले, 'बाबल चुकाक नाय. चीक बरोबर जाग्यार लावल्यान. जावंदे तेका.'"